शब्दसंख्या शून्य

“हंऽ हं-हं... हंऽऽ हं...”

बाईचा आवाज. त्यात शब्द एकही नाही, नुसता सूर; भाकरी थापता थापता एखादी स्वतःशीच गुणगुणते तसा. आणि त्याच्या मागोमाग, कोकरू आईच्या पायात घुटमळावं तसा, एक बारका सूर. तीच चाल, तीच वळणं. पण एका जागी येऊन मोडलेला. वर उचलून तिथेच लटकत ठेवलेला.

“हंऽ हं-हं... हंऽऽ?”

“मागे घ्या,” राजोपाध्ये बाई म्हणाल्या. “पुन्हा.”

मी तिसऱ्यांदा टेप मागे घेतली. राजोपाध्ये बाईंना डाव्या कानाने ऐकू येत नसे. त्या खुर्चीवरून उठल्या, टीव्हीशी गेल्या आणि उजवा कान त्याच्या स्पीकरच्या जाळीला लावून उभ्या राहिल्या. दाराशी उभं राहून घरातलं बोलणं ऐकावं तशा. खोलीत आम्ही अकरा जणी आणि काळोख.

वीस वर्षं झाली त्याला. तो बारका सूर आता मोठा झालाय; कधीमधी आपल्या लेकीला कडेवर घेऊन मला भेटायला येतो आणि एखाद्या अवघड जोडाक्षरापाशी अजूनही थबकतो. मी मनात दहा मोजते. पण डोळे मिटले की मला आधी तीच गुणगुण ऐकू येते, मग बाकी सगळं.

नाशिकला मूकबधिर मुलांच्या एका निवासी शाळेत आम्ही जमलो होतो. भाऊबीज उलटून गेलेली, मुलं सुट्टीला घरी, आणि त्यांच्या रिकाम्या खोल्यांत आम्ही. आम्ही सगळ्या वाचा उपचारतज्ज्ञ. कुणी सहा वर्षं, कुणी पंधरा वर्षं मुलांना बोलतं करण्यात घालवलेल्या. प्रशिक्षण होतं ते सगळ्यात अवघड मुलांसाठी. या मुलांना कळतं सगळं, काय म्हणायचंय तेही मनात तयार असतं, पण मेंदूने ओठांना, जिभेला, जबड्याला धाडलेला निरोप वाटेतच हरवतो. ओठ उघडतात, जीभ अंधारात भिंत चाचपावी तशी चाचपते, आणि शब्द काही निघत नाही. अशा मुलाच्या हनुवटीला, ओठांना बोटांनी हलकेच वाट दाखवायची आणि शब्द हाताने बाहेर आणायचा, ही राजोपाध्ये बाईंची विद्या. सहा दिवसांत ती आम्हांला शिकायची होती.

शाळेतलं सगळंच मुलांच्या उंचीचं. खुंट्या कमरेशी, बेसिनं गुडघ्याशी. आरशात तोंड बघायचं तर उकिडवं बसावं लागे. माझ्या खोलीतली सोबतीण अमरावतीची, सुशीला बोबडे. पहिल्या दिवशी ओळखी करून देताना ती उठून म्हणाली, “मी बोबडे. हसून घ्या आत्ताच, मंग सहा दिवस कामाले लागा.” आणि मुलांच्या त्या छोट्याशा खाटेवर पाय मुडपून झोपताना म्हणाली, “पाय बाहेर काढले तं दार लागत नाही, अन् दार लावलं तं मी मावत नाही. काय करू, सांग बाप्पा!”

बाईंच्या वर्गाचा एक रिवाज होता. येताना प्रत्येकीने आपली फसलेली टेप आणायची. जमलेली नव्हे, फसलेली. ती सगळ्यांसमोर लावायची, आणि टेप चालू असेपर्यंत जिची टेप तिने ओठ उघडायचा नाही. “आपण बोलायला शिकवणारी माणसं,” बाई म्हणायच्या, “आपल्याला गप्प बसता येत नाही. मूल ओठांशी शब्द आणतं आणि आपण ‘शाब्बास’ म्हणून तो परत आत ढकलतो. दहा मोजा. मनात. ओठ न हलवता.”

त्या दहा आकड्यांनी आमचा जीव घेतला. एकमेकींसमोर बसून नुसतं दहा मोजायचं, तर सातावर कुणीतरी खोकायचं, आठावर कुणीतरी “बरं का” म्हणायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझी पाळी आली.

माझ्या टेपमध्ये पूनम होती. साडेपाच वर्षांची. साक्री तालुक्यातल्या एका डोंगराकडच्या गावची. चौदा महिने आईबरोबर धुळ्याला माझ्याकडे येत होती. टेपमध्ये मी तिला चित्रं दाखवते आहे. चेंडू. गाय. पाणी. “हे काय? सांग बरं. हे काय?” पोरीचा जबडा उघडतो, ओठ इकडेतिकडे जातात, डोळ्यांत पाणी तरारतं. आणि माझा आवाज, “शाब्बास!” कोपऱ्यात स्टुलावर तिची आई मथुरा, मांडीवर कापडी पिशवी. ती पूर्ण वीस मिनिटांत एक शब्द बोलत नाही. मी मान खाली घालून कागदावर लिहीत असते तेव्हा तेवढी ती गुणगुणते. आणि पोर गुणगुणते. माझ्या कागदावर तळाशी ठसठशीत नोंद: शब्दसंख्या शून्य.

दिवा लागला. बाईंनी विचारलं, “वृंदा, आई मुलीशी बोलत का नाही?”

“मुळातच अबोल आहेत त्या,” मी म्हटलं. “स्वभाव.”

माझी जीभ किती सहज वळली! चाचपली नाही, अडखळली नाही.

तेव्हाच त्यांनी टेप मागे घ्यायला सांगितली होती.

चौथ्यांदा ऐकून झाल्यावर बाईंनी आम्हांला डोळे मिटायला लावले. “बघू नका. चित्र फसवतं. ऐका.” मग हातात खडू घेऊन त्या फळ्याशी गेल्या. टेपमधला सूर वर चढला की खडू वर, उतरला की खाली. डोळे उघडले तेव्हा फळ्यावर अक्षर एकही नव्हतं. नुसत्या रेघा, एकाखाली एक, सातमाळ्याच्या डोंगररांगा लांबून दिसाव्यात तशा.

“ही बघा,” बाईंनी पहिल्या रेघेवर खडू टेकवला. “ही आई म्हणते तेव्हा पोर काय करते?”

“जवळ येते,” कुणीतरी म्हणालं.

“आणि ही?”

“हातातलं खाली ठेवते.”

“ही?”

“नाही म्हणते. मान हलवते.”

आम्ही टेप पुन्हा पुन्हा लावत गेलो. सोप्यातली बाई सोप्यात, पडवीतली पडवीत, आणि मधल्या भिंतीतून दोघींची कुजबुज चालावी, तशी त्या मायलेकींची ती गुणगुण आमच्यासमोर उघडत गेली. ये, थांब, तहान लागली का, घरी जाऊ आता, ती बाई बघते आहे, नीट बस. प्रत्येकाचा सूर वेगळा आणि दर वेळी तोच. पोर प्रत्येकाला तिच्या सुरात उत्तर देत होती, कधी हट्टाने, कधी लाडाने, एकदा तर चक्क माझी नक्कल करून. ‘शाब्बास’चा माझा चढा सूर तिने नाकातून काढला होता, आणि मथुरेने पदरात तोंड लपवून हसू दाबलं होतं. तीन आठवडे ती टेप माझ्याजवळ होती. मला ते दिसलं नव्हतं.

सव्वीस रेघा झाल्या. राजोपाध्ये बाई दोन पावलं मागे सरल्या. चाळीस वर्षं हेच काम केलेली बाई. देवळात उभी असल्यासारखी फळ्यासमोर उभी होती.

“गाणं नाही हे,” त्या हळूच म्हणाल्या. “ही वाक्यं आहेत. शब्द काढून घेतलेली वाक्यं.” मग माझ्याकडे वळून, “आणि शून्य कुणी लिहिलं?”

“मी.”

“हं.” त्या पुन्हा रेघांकडे बघू लागल्या. “एक कळत नाही. हा हेल तुमच्या-माझ्या मराठीचा नाही. कुठला आहे?”

मी उत्तर दिलं नाही. दहा मोजले. अकराव्याला बाईंनीच विषय बदलला.

“आणि ही एक रेघ.” खडू शेवटच्या ओळीवर थांबला. “अंगाईसारखी चाल. आई सुरू करते, पोर उचलते, आणि इथे मोडते. पाच वेळा. दर वेळी इथेच. पोर काहीतरी विचारते आहे. बाकी सगळ्याला आई उत्तर देते, याला देत नाही. काय विचारते आहे ती?”

“ठाऊक नाही,” मी म्हटलं. हे मात्र खरं होतं.

“बोलवा त्यांना,” बाई म्हणाल्या.

मथुरेच्या गावातल्या किराणा दुकानात फोन होता, तिथे मी निरोप ठेवला. खोलीत येऊन खाटेखालची बॅग ओढली. शालीच्या घडीत दुसरी एक टेप होती. ती मी घरून निघताना घेतली होती, का घेतली ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. सुशीला चहाचे दोन कप घेऊन आत आली आणि माझ्या हाताकडे बघत उभी राहिली.

“हे काय आणखीन?”

“फसलेली टेप,” मी म्हटलं. “खरी.”

कॅमेऱ्याच्या त्या बोटभर पडद्यावर मी तिला ती दाखवली. चौदा महिन्यांपूर्वीची, मथुरेच्या पहिल्या खेपेची. त्या टेपमधली मथुरा पावशेर बाजरीवर चिमण्यांचा थवा बसावा तशी किलबिलते आहे. “देख ना चिडी, ताई तुले चेंडू दी ऱ्हायनी. बस आठे. लाजू नको वो!” अहिराणी. पोर तिच्या तोंडाकडे बघते आहे, मोडकेतोडके दोन-चार आवाज काढते आहे. आणि ते आवाज, आज ऐकले तर, शब्दांच्या अगदी उंबऱ्याशी आलेले. मग माझा आवाज येतो. तरुण, स्वच्छ, खात्रीचा.

“घरात ही भाषा बंद करायची. दोन-दोन भाषांनी मूल गोंधळतं. फक्त शुद्ध मराठी बोलायचं तिच्याशी.”

“मले तितली मराठी येत नही ना, ताई.”

“मग कमी बोला. पण शुद्ध बोला.”

सुशीलाने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “आपल्याले असंच शिकवलं होतं तेव्हा. म्या बी सांगतलं असंल कोनाले.”

“तू त्यांना अबोल म्हणाली नाहीस.”

“मंग सांगून टाक न.”

धुळ्याला मुलांच्या वाणीदोषांसाठी एक नवं केंद्र सुरू व्हायचं होतं, आणि ते कुणाच्या हाती द्यायचं हे राजोपाध्ये बाईंच्या एका शब्दावर होतं. तो शब्द मला हवा होता. दोन वर्षं मी त्याच्याच मागे होते. सुशीलाला हे ठाऊक होतं. चहा निवला.

पाचव्या दिवशी सकाळच्या गाडीने मायलेकी आल्या. मथुरा पोपटी लुगड्यात, पोरीला रिबिनींच्या दोन वेण्या. तिने कापडी पिशवीतून भरताची चार हिरवी वांगी काढून माझ्या हातात दिली, आणि सावकाश, एकेक शब्द पाटावर मांडल्यासारखा ठेवत म्हणाली, “नमस्कार ताई. तुम्ही कशा आहात? आम्ही मजेत आहोत.”

पिशवीतून नणंदेच्या मुलाचं दुसरीचं मराठीचं पुस्तक डोकावत होतं. पानं मऊ झालेली, कोपरे गेलेले.

“पूनम, बस,” ती पोरीला म्हणाली. “पूनम, पाणी पी. पूनम, हात धू.” पहिल्या टेपमध्ये हीच पोर ‘चिडी’ होती. तिकडे चिमणीला चिडी म्हणतात. कागदावर पूनम होतं, म्हणून चौदा महिन्यांपूर्वी तिने तेही टाकून दिलं होतं. मी सांगितलं होतं त्यापेक्षा तिने जास्तच पाळलं होतं. शुद्ध तेवढं बोलायचं. आणि जे शुद्ध येत नाही, ते शब्द काढून नुसतं सुरात. सुराला कुठली भाषा, असं तिला वाटलं असेल. कडक उपासाला पाणी तेवढं चालतं, तसं.

आम्ही भिंतीला टेकून रांगेत बसलो. मधे छोट्या खुर्चीत पूनम, तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून राजोपाध्ये बाई, आणि बाजूला स्टुलावर मथुरा.

“मथुराबाई,” बाईंनी अगदी मायेने विचारलं, “तुम्ही मुलीशी बोलत नाही फारशा. का हो?”

मथुरेने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तक्रार नव्हती. पाहुण्यांसमोर घरातलं फुटकं भांडं पदराने झाकताना बाई बघते ना, तशी नजर होती.

“मी मुळातच कमी बोलते, मॅडम,” ती म्हणाली. “माझा स्वभावच आहे.”

माझेच शब्द. तिला ते कुणी सांगितले नव्हते. आमच्या वर्गापासून तिच्या गावापर्यंत कुठला वारा ते घेऊन गेला नव्हता. मला झाकण्यासाठी तिने स्वतः शोधून काढले होते, आणि ते नेमके तेच निघाले. शेजारी सुशीलाने माझं मनगट धरलं.

“बरं,” बाई म्हणाल्या. “मग एक शब्द सांगा. हिला सगळ्यांत आधी कोणता शब्द म्हणावासा वाटत असेल?”

“पाणी,” मथुरा पुस्तकातल्यासारखं म्हणाली. “किंवा... गाय.”

बाईंनी पोरीच्या हनुवटीखाली दोन बोटं धरली, अंगठ्याने ओठांची कड हलकेच मिटवली. “पा.” पोरीने मान वळवली. पुन्हा. पुन्हा मान वळवली. तिसऱ्यांदा तिने बाईंचा हात दोन्ही हातांनी धरून बाजूला केला आणि आईकडे बघून गुणगुणू लागली. तीच चाल. आणि त्याच जागी मोडली.

मग बाईंनी हात मागे घेतला आणि त्या गाऊ लागल्या. सत्तरीच्या घरातला चिरका आवाज, एका कानाने ऐकून उचललेली चाल, पण वळणं अचूक. “हंऽ हं-हं, हंऽऽ हं...” पोर थक्क होऊन बघत राहिली. आईशिवाय कुणाला ही भाषा येते हे तिला ठाऊकच नव्हतं. बाई मोडल्या जागेपर्यंत आल्या आणि थांबल्या.

“हंऽऽ?” पोरीने विचारलं. बाईंना नाही, आईला.

“काय विचारते आहे ती?” बाई म्हणाल्या.

मथुरेने पदराचा बोळा तोंडाशी नेला. नजर फरशीवर. बाईंनी एक हात वर केला. दहा मोजा. अकरा जणी गप्प.

एक. दोन. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. तीन. चार. पोर आईच्या तोंडाकडे बघते आहे, हात मांडीवर, पाय हलत नाहीत. या वयाच्या मुलांना असं स्थिर बसता येत नाही. पाच. सहा. वाट बघणं काय असतं ते आम्ही पाच दिवस शिकत होतो. ही पोर ते कधीपासून करत होती.

सातावर मी बोलले.

“बाई, त्या अबोल नाहीत.”

माझा आवाज मलाच परका वाटला. जीभ चाचपत होती. “मी तुम्हांला खोटं सांगितलं. त्या खूप बोलायच्या. अहिराणीत बोलायच्या. मी बंद करायला लावलं. कमी बोला पण शुद्ध बोला, हे माझे शब्द. टेप आहे माझ्याकडे. हा हेल कुठला, हेही मला ठाऊक होतं.”

बाईंचा हात तसाच वर होता. पण सांगायचं खरं त्यांना नव्हतंच. मी उठले आणि मथुरेच्या समोर जाऊन जमिनीवर बसले. आजवर ती स्टुलावर आणि मी टेबलामागे असायचे. पहिल्यांदाच ती माझ्यापेक्षा उंच होती.

“मथुराताई, माझी चूक झाली. तुमच्या बोलीनं हिचं काहीच बिघडत नव्हतं. ती शब्दांपर्यंत आली होती. मी शब्दच काढून घेतले.”

ती माझ्याकडे बघत राहिली. शब्द पोचायला वेळ लागला. मग पाटावर मांडलेलं ते शुद्ध मराठी सगळं एकदम सांडलं.

“मंग... ते चौदा महिना?”

माझी नजर पिशवीतल्या पुस्तकाकडे गेली.

“मी रोज जीभ चावी धरू,” ती म्हणाली. “शेतमा जाऊ तवय एकलीच बोलू. झाडस्नासंगे बोलू. तिन्हासमोर नही.” ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मग तिने विचारलं, “बोलू आते?”

“बोला.”

“आठे? ह्या समद्यासमोर?” तिने भिंतीकडच्या रांगेवरून नजर फिरवली. “अहिराणीमा?”

“बोल न माय,” सुशीला मागून म्हणाली. नाक ओढत होती. “म्या पाच दिवसांपासून वऱ्हाडीत बोलून राहिली. मले कोनं हाकललं का?”

मथुरेच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. मग ती राजोपाध्ये बाईंना म्हणाली, “ती काबरीनं इचारस, मॅडम. आमनी बकरी व्हती. ठिपकावाली. चिडी तिन्हाजोडेच वाढनी. हाई गानं त्या दोन्हीस्नं. मीच करेल शे. चिडीनं नाव येस, मंग काबरीनं.” तिने ती जागा गुणगुणून दाखवली, जिथे पोर मोडायची तिथे बकरीचं नाव होतं. “आखाजीना आंगे आम्ही दहा दिन धुळाले ह्या ताईकडे व्हतात, तवय ती पोट फुगीसन मरी गयी. घर उनूत तं खुट्टा रिकामा. हाई तवयपासून इचारस. काबरी कोठे?”

“आणि तुम्ही सांगितलं नाहीत,” बाई म्हणाल्या.

“कशी सांगू?” तिने पिशवीतलं पुस्तक काढलं. मऊ पानं चाळून एका पानावर बोट ठेवलं. “मराठीमा मले एकच शबद सापडना. ‘मेली.’ ” तिने तो असा उच्चारला, जसा हाताला चटका बसावा. “लेकरूले असं सांगतंस का कोनी? आमनामा दहा शबद शेतस. मऊ मऊ. पन ते तं बंद व्हतात.”

राजोपाध्ये बाईंनी वर धरलेला हात आता खाली घेतला आणि तो आपल्याच तोंडावर ठेवला. आम्ही बोलायला शिकवणाऱ्या. एका बाईने लेकीला दुखेल असा एक शब्द टाळण्यासाठी अक्षय तृतीयेपासून सहा महिने त्या प्रश्नाचा भार एकटीने वाहिला होता, आणि दिवसातून दहादा तो प्रश्न सुरात ऐकून घेतला होता. त्या खोलीत त्या दिवशी शिकवणारी एकच होती, आणि ती स्टुलावर बसली होती.

मथुरा उठली. पोरीच्या छोट्या खुर्चीसमोर येऊन बसली. पुस्तक मागे जमिनीवर उघडंच पडलं होतं. पंख्याने त्याची पानं उलटत होती.

“चिडी,” ती म्हणाली.

पोर दचकली. चौदा महिन्यांनी कुणीतरी तिला तिच्या नावाने हाक मारली होती. तिने हात पुढे केला, आणि बाईंनी तिच्या हनुवटीला धरली होती तशी दोन बोटं आईच्या हनुवटीखाली धरली. अंगठा ओठांच्या कडेवर. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. शब्द कुठून निघतो ते तिला हाताने बघायचं होतं.

मथुरेने तो हात तिथेच राहू दिला. घसा साफ केला. पहिला शब्द तिच्याही ओठांवर चाचपला.

“चिडी, देख मन्हाकडे. आपली काबरी ना... ती चराले गयी वो बाय. लांब. वर, ढगसमा. आते ती येवाव नही. मी तुले सांगं नही इतला दिन. मन्ही चिडी, मी तुले सांगंच नही.”